साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

जून १९१२ मध्ये बॉम्बे सॅनिटरी असोसिएशनपुढे एक व्याख्यान झालं. वक्ते होते जे. पी. ऑर. सनदी अधिकारी आणि बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अध्यक्ष. विषय होता मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा. व्याख्यानाचा सगळा भार एका कोनावर होता. तळमजल्यावरच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीपाशी उभं राहायचं आणि समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा काढायची. ती रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी असता कामा नये. नववीच्या भूमितीत सांगायचं तर दोन इमारतींमधलं अंतर उंचीच्या निम्मं तरी हवं. पंचेचाळीस अंशांचा आग्रह धरला असता तर उंचीइतकंच अंतर सोडावं लागलं असतं, आणि मुंबईत जमिनीचे भाव तेव्हाही जमिनीवर नव्हते. साडेत्रेसष्ट ही तडजोड होती. गरिबाच्या खिडकीतून निदान इतकं आकाश दिसलंच पाहिजे, अशी एक सरकारी किमान रेषा.

गेल्या काही वर्षांत शहराच्या आरोग्यावर लिहिताना मला वारंवार या कोनाकडे यावं लागलं. रुग्णालयातल्या खाटा, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा, औषधांचा तुटवडा यांच्या बातम्या होतात, व्हायलाच हव्यात. पण माणूस आजारी कुठे पडतो हे बघायला गेलं की बोट नकाशावर जातं, दोन भिंतींच्या मधल्या जागेवर. मुंबईत तिला हाउसगल्ली म्हणतात. पूर्वी संडासाच्या टोपल्या उचलायला भंगी समाजातल्या कामगारांनी याच गल्लीतून जायचं, अशी शहराची रचना होती. टोपल्या गेल्या, गल्ली राहिली. आज तिच्यात पाइप, ओला कचरा, तुटक्या बादल्या आणि उंदीर असतात. महापालिकेच्या सफाईच्या यादीत तिचा वेगळा रकाना असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या शहराचं आरोग्य धोरण आरोग्य खात्याच्या आधी या गल्लीच्या रुंदीत लिहिलं जातं.

ऑर ज्या ट्रस्टचे अध्यक्ष होते तो प्लेगनं जन्माला घातला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले आणि पाहता पाहता शहर रिकामं व्हायला लागलं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढायचंच माहीत असलेल्या या शहराच्या इतिहासात असं क्वचितच घडलं असेल. पुण्यात याच साथीनं रँडचा अंमल आणला आणि चापेकर बंधूंच्या हाती पिस्तूल दिलं. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. हे आपण शाळेत शिकतो. साथीनंतर काय बांधलं गेलं, हे मात्र शाळेत शिकवत नाहीत.

१८९८ च्या कायद्यानं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडायच्या, समुद्रावरचं वारं आत घेतील असे रस्ते काढायचे, उत्तरेकडे नवी वसाहत उभारायची, अशी त्याची कामं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि सिडनहॅम रोड, म्हणजे आजचा महंमद अली रोड, हे त्याचेच. दादर-माटुंगा-वडाळा-शीव हा पट्टाही त्याचाच. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच उद्यानं. आज तिथली झाडं बघून ज्यांना जुन्या मुंबईचा उमाळा येतो त्यांनी लक्षात ठेवावं, की ती सावली सार्वजनिक पैशातून आणि नियमांतून उभी राहिली आहे. ट्रस्टनं कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची वीसेक वर्षं काढली.

गंमत अशी की ट्रस्टचा वैद्यकीय पाया चुकीचा होता. कोंदट, घाण हवेतून प्लेग होतो, या समजुतीवर रस्ते रुंद केले गेले. प्लेग येतो उंदरावरच्या पिसवांतून. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं ते १८९८ मध्ये दाखवलं, आणि पुढच्या दशकात मुंबईतच बसलेल्या प्लेग कमिशननं ते पक्कं केलं. म्हणजे ज्या आजारासाठी हवा मोकळी केली त्याला हवेशी फारसं देणंघेणं नव्हतं. पण त्याच शहरात दुसरा एक आजार होता, गाजावाजा न करता रोज माणसं नेणारा, आणि तो मात्र थेट हवेतूनच जात होता. क्षय.

ट्रस्टची आरती ओवाळायची गरज नाही. त्यानं पाडलं भराभर आणि बांधलं सावकाश. नागपाड्यातून उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीनं जाऊन राहिली. नव्या वसाहतींचं आकाश कारकून, वकील, व्यापारी यांच्या वाट्याला आलं. गिरणी कामगाराची खोली तशीच राहिली. १९२१ सालचे मुंबईचे बालमृत्यूचे आकडे आजही वाचवत नाहीत. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदलेल्या हजार जन्मांमागे ८२८ बाळं वर्षाच्या आत गेल्याची नोंद आहे. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हाच आकडा १३३. यातल्या पहिल्या आकड्यात फुगवटा आहे, हे सांगायला हवं. कोकणातल्या, घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावी नोंदला जाई आणि मूल घेऊन परतल्यावर मृत्यू मुंबईत. पण तो फुगवटा काढून टाकला तरी उरणारी दरी खोल्यांच्या संख्येनंच पाडलेली आहे. १९२० पासून सरकारच्या डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटनं बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

०

आता शंभर वर्षं पुढे, गोवंडी-मानखुर्दकडे येऊ. महापालिकेच्या भाषेत एम-पूर्व विभाग. १९२७ पासून शहराचा कचरा इथल्या देवनारच्या डोंगरावर पडतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात या विभागाचा निर्देशांक होता ०.०५, शहरातला सर्वांत खालचा. शहराला जे नको झालं ते इथे आणून ठेवायची जुनी रीत आहे. आधी कचरा, मग कत्तलखाना, मग माणसं. रेल्वे रुळांलगतच्या आणि रुंद होणाऱ्या रस्त्यांच्या कडेच्या झोपड्या हटवल्या, तेव्हा त्या कुटुंबांचं पुनर्वसन मोठ्या प्रमाणावर याच विभागात झालं. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, पीएमजी कॉलनी ही नावं त्यातलीच.

या तीन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी मिळून केला. घरोघरी सर्वेक्षण, आणि जोडीला इमारतींमधल्या उजेडाचं आणि हवेच्या वाहण्याचं गणित. तिन्हीकडे माणसं साधारण एकाच आर्थिक थरातली, एकाच विभागातली, त्याच दवाखान्यांच्या आसऱ्याची. फरक होता मांडणीत. नटवर पारेख आणि लल्लूभाईमध्ये इमारती एकमेकींना खेटून, पीएमजीमध्ये तुलनेनं ऐसपैस. क्षयाचं प्रमाण पहिल्या दोन वसाहतींत पीएमजीपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं. आणि जिथे उजेड कमी तिथे, म्हणजे खालच्या मजल्यांवर, रुग्ण अधिक.

नटवर पारेखमध्ये दोन इमारतींतलं अंतर सुमारे ३ मीटर आहे आणि इमारती तळमजला अधिक सात मजल्यांच्या, म्हणजे साधारण २३ मीटर उंच. ऑर यांची रेषा इथे काढून बघितली. कोन येतो ८३ अंशांच्या आसपास. साडेत्रेसष्टच्या हिशेबानं इथे साडेअकरा मीटरची मोकळी जागा लागली असती. तळमजल्यावरच्या बाईच्या वाट्याला आकाशाची सात अंशांची चिरोटी राहिली आहे, तीही मान खिडकीबाहेर काढून वर पाहिलं तर.

मान बाहेर काढणं मात्र शहाणपणाचं नाही. या पट्ट्यातल्या एका वसाहतीत दुपारी बाराच्या सुमाराला शिरलं की आधी डोळे चाचपडतात. पॅसेजच्या दोन्ही बाजूंना दारं, मध्ये लांबलचक बोळ, बोळात एखादीच ट्यूबलाइट आणि तीही सोसायटीनं बिल भरलं असेल तर. जिन्यात मोबाइलचा टॉर्च लावायचा. खोलीत शिरल्यावर समोर ओटा, बाजूला मोरी, वर पोटमाळा, लोखंडी पलंग, पलंगाखाली गाद्यांच्या वळकट्या आणि पाण्याचे पिंप. २२५ चौरस फुटांत पाच-सहा माणसं. खिडकी एक. तिला आतून प्लायवूडचा तुकडा ठोकलेला आणि फटींत जुन्या कापडाचे बोळे. कारण विचारायला लागत नाही. वरच्या मजल्यावरून मोरीचं पाणी ठिबकतं, कधी भाजीचे देठ, कधी डायपर. खाली हाउसगल्लीत ते कुजतं, त्याचा वास आणि डास वर येतात. खिडकीतून यायला हवी ती हवा, येते ती घाण. मग बाई खिडकी बंद करते. दारही बंद ठेवावं लागतं, पॅसेजमधून कोणीही ये-जा करतं आणि घरात वयात आलेली मुलगी असते.

क्षयरुग्णाच्या घरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेला रुग्णाला सांगायच्या गोष्टी ठरवून दिलेल्या असतात. गोळ्या वेळेवर घ्या, खोकताना तोंडावर रुमाल धरा, खिडक्या-दारं उघडी ठेवा, उन्हात बसा. पहिल्या दोन सूचना ती ठासून सांगते. तिसरीला आवाज उतरतो. चौथी बऱ्याचदा गाळते. "ताई, ऊन कुठनं आणायचं?" असं कोणी विचारलं तर तिच्याकडे उत्तर नसतं, कारण तीही शेजारच्याच इमारतीत राहते.

आयआयटीच्या अभ्यासकांनी अशा घरांसाठी एक मोजमाप वापरलं आहे, हवेचं वय. बाहेरून आत आलेली हवा खोलीतल्या एखाद्या बिंदूपाशी पोचेपर्यंत किती वेळ आत रेंगाळलेली असते, तो कालावधी. वारं आरपार जात असेल तर हवा तरुण. एकच खिडकी, समोर भिंत, दार बंद, तर हवा म्हातारी होत जाते. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर बाहेर पडणाऱ्या बारीक कणांवर बसून तासन् तास तरंगू शकतात. हवा बदलत राहिली तर ते विरळ होतात, उन्हातले अतिनील किरण त्यांना मारतात. या खोल्यांत दोन्ही नाही. एकानं सोडलेला श्वास बाकीचे पाच जण रात्रभर वाटून घेतात.

यात बाईचा वाटा सर्वांत मोठा. पुरुष कामाला जातो, मुलं शाळेत. ती त्याच हवेत स्वयंपाक करते, त्याच हवेत इमिटेशन दागिन्यांची किंवा कपड्यांचे धागे कापायची घरबसल्या कामं घेते, आणि खोकला सुरू झाला तर महिना-दोन महिने अंगावर काढते. निदान झालं की ताट-वाटी वेगळी निघते. सासरी कळू नये म्हणून गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात जातात. ताट वेगळं केल्यानं क्षय थांबत नाही, हे सांगून झालेलं असतं. पण हवा वेगळी करता येत नाही, ताट करता येतं. माणूस जे हातात आहे ते करतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ज्या झोपडीतून ही कुटुंबं आली ती काही नंदनवन नव्हती. रुळांच्या कडेला, पत्र्याखाली, संडासासाठी रांग, पाण्यासाठी भांडण, आणि डोक्यावर तोडकामाची टांगती तलवार. नव्या इमारतीत नळ आला, घरात संडास आला, नावावर कागद आला. हे सगळं खरं आहे आणि कमी नाही. पण झोपडीला दारापुढे बोळ होता. भांडी तिथे घासली जात, म्हातारी तिथे बसे, मुलं तिथे अभ्यास करत. दिवसाचा निम्मा वेळ माणसं उघड्यावर असत. इमारतीनं संडास दिला आणि तो बोळ काढून घेतला. असा सौदा कोणी त्यांच्यापुढे मांडला नव्हता.

०

वैद्यकाच्या बाजूनं पाहिलं तर घराकडे दुर्लक्ष होण्यामागे एक चांगली बातमीही आहे. पूर्वी क्षय म्हणजे सॅनेटोरियम. मिरज, पाचगणी, देवळाली, कोरडी हवा, सुरूची झाडं, व्हरांड्यात ओळीनं खाटा. ज्याला परवडे तो जाई. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. क्षयाचे निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवून, निम्मे त्यांच्या गरीब वस्तीतल्या घरीच ठेवून, दोघांना सारखी औषधं दिली. घरी राहणारे जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभर सॅनेटोरियमं बंद पडायला लागली ती या निष्कर्षावर. आजचा सगळा क्षय कार्यक्रम, घरी राहून सहा महिने गोळ्या घेण्याचा, त्याच पायावर उभा आहे.

निष्कर्ष बरोबरच होता. पण त्यातली खोच अनेकांच्या नजरेतून सुटली. घरच्यांना जास्त लागण का झाली नाही? कारण जी व्हायची ती औषध सुरू होण्याआधीच झालेली होती. गोळ्या सुरू झाल्या की रुग्ण काही आठवड्यांत फारसा संसर्गजन्य राहत नाही. धोका असतो त्या आधीच्या महिन्यांत, खोकल्याला 'हवामान बदललंय' म्हणायच्या दिवसांत. त्या दिवसांत ना डॉक्टर असतो, ना आरोग्यसेविका, ना औषध. असतात फक्त भिंती आणि खिडकी. म्हणून औषध जितकं चांगलं तितकं घर गौण, हा हिशेब फसवा आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. इंग्लंडात क्षयाचे मृत्यू त्याच्या आधी जवळजवळ शंभर वर्षं उतरत होते. त्याचं श्रेय पोषणाला द्यायचं की नगरपालिकांनी घरांवर, नळांवर, गटारांवर ओतलेल्या पैशाला, यावर इतिहासकार अजून भांडतात. गोळीला द्यायचं असं मात्र त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही.

पोषणाचा मुद्दा आपल्याकडेही किरकोळ नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना शिधा दिल्यावर त्यांच्यातला क्षय सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाला. रुग्णाला पोषणासाठी मिळणारे महिना ५०० रुपये सरकारनं २०२४ मध्ये १,००० केले ते योग्यच. मुंबईत वर्षाला क्षयाचे साठेक हजार रुग्ण नोंदले जातात. त्यांच्या गोळ्या, चाचण्या, शिधा यांवर खर्च होतो आणि तो दिसतो. ज्या इमारती हे रुग्ण तयार करतात त्या कोणाच्या खात्यावर मांडायच्या?

०

खातं शोधायचं तर १९९५ मध्ये जावं लागतं. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं, या निवडणुकीतल्या घोषणेतून झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली. लोकांच्या तोंडी एसआरए. तिची कल्पना चतुर होती. सरकारनं तिजोरीला हात लावायचा नाही. बिल्डरनं झोपडीवाल्यांना मोफत गाळे बांधून द्यायचे, बदल्यात त्याला जास्तीचा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधायची परवानगी, किंवा टीडीआर, म्हणजे तोच हक्क दुसरीकडे वापरायची मुभा. तो बाजारात विकून त्यानं खर्च काढायचा, नफाही. म्हणजे पैसा हवेतून उभा राहिला, आणि हे मी अलंकारानं म्हणत नाही. एकाच भूखंडावर विक्रीची इमारत ऐसपैस हवी असेल तर पुनर्वसनाची इमारत कोपऱ्यात कोंबायला लागते. त्यासाठी नियमांत मोकळ्या जागेच्या सवलती दिल्या गेल्या. शिवाय अट अशी की हेक्टरी किमान ५०० गाळे झालेच पाहिजेत. पुढे ती ६५० वर नेली. कमाल किती, हा प्रश्न तितक्या काटेकोरपणे विचारलेला नाही. ऑर यांच्या नियमानं आकाशाचं किमान ठरवलं होतं. नव्या नियमानं दाटीचं किमान ठरवलं.

गाळ्याचं क्षेत्रफळ मात्र वाढत गेलं. २२५ चौरस फूट, मग २६९, मग ३००. प्रत्येक वाढीची घोषणा झाली, पेढे वाटले गेले. चौरस फूट दिसतात, मोजता येतात, जाहिरातीत छापता येतात. भिंतीबाहेरच्या तीन मीटरचं भाषण कोणी करत नाही. तीनशे चौरस फुटांच्या अंधाऱ्या खोलीपेक्षा सव्वादोनशेची उजेडाची खोली आरोग्याला बरी, असं मी म्हटलं तर गोवंडीतल्या बायका मला हसतील, दोन्ही का नको म्हणून. बरोबर आहे त्यांचं.

पैसा नाही असं म्हणावं तर तेही जमत नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता, त्यात आरोग्याला सुमारे दहा टक्के. एकट्या किनारी रस्त्यावर तेरा हजार कोटींहून अधिक खर्च झाला. रस्ता देखणा आहे, मीही त्यावरून जातो. पण शहरात माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटर, म्हणजे एक चटई अंथरली की संपली.

जुलै २०२० मध्ये करोनाच्या काळात तीन विभागांत रक्ताची तपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के. विभाग तेच, लॉकडाउन तेच, सूचना त्याच. अंतर राखा, हात धुवा. अंतर राखायला जागा असणारे वाचले. प्लेगनंतर सव्वाशे वर्षांनी शहराची तीच तपासणी पुन्हा झाली आणि निकालही तसाच लागला.

०

उलट उदाहरण लांब नाही. सुरतेला जा. लिंबायत, उधना भागांत खानदेशातून गेलेली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या यंत्रमागावर, साडीच्या बाजारात काम करतात. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेग आला. पन्नासेक माणसं गेली आणि लाखो लोक काही दिवसांत शहर सोडून पळाले. गाड्यांच्या टपावर बसून धुळे-जळगावला आलेल्या माणसांकडे गावकरी कसे बघत होते, ते तिकडच्या कोणाही साठीच्या माणसाला विचारा.

पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी नवं रुग्णालय बांधण्यापासून सुरुवात केली नाही. अधिकाऱ्यांना रोज सकाळी वॉर्डात फिरायला लावलं. एसीतून डीसीकडे, एअर कंडिशनमधून डेली चोअर्सकडे, हे त्यांचं वाक्य तेव्हा गाजलं. विभागवार अधिकार वाटून दिले, रात्रीची झाडलोट सुरू केली, कचरा टाकणाऱ्या हॉटेलांना दंड केला, रस्ते रुंद करताना श्रीमंतांची अतिक्रमणंही पाडली. गटारं आणि नळ कामगार वस्त्यांत गेले. दोन वर्षांच्या आत, ज्या शहराला लोक नाकाला रुमाल लावून ओलांडत ते देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं. राव गेल्यावर ही घडी मोडेल असं अनेकांना वाटलं होतं. ती बरीचशी टिकली, कारण बदल गटारात आणि कामाच्या वाटणीत झाला होता, एका माणसाच्या धाकात नव्हे. सुरतेत घरांचा प्रश्न सुटला असं मात्र कोणी समजू नये. यंत्रमागाच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपणारी माणसं तिथे आजही आहेत.

मुंबईपुढे आत्ता अशीच एक वेळ आहे, साथीविना आलेली. बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, चाळीस मजल्यांपर्यंत. धारावीचा पुनर्विकास सुरू झाला आहे. त्यात तिथल्या काही लोकांना ठेवण्यासाठी देवनार कचराभूमीतली १२४ एकर जागा द्यायचं राज्य सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं. ज्या विभागाचा निर्देशांक ०.०५ होता तिथेच, कचऱ्याच्या डोंगराच्या जागी. आधी डोंगर हलवायचा, मग माणसं आणायची. डोंगर किती हलेल आणि जमिनीत मुरलेलं काय करायचं, हा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे.

इमारतीचा आराखडा मंजुरीला जातो तेव्हा अग्निशमन दलाचा दाखला लागतो. विमानतळाच्या वाटेत येत असेल तर इमारतीचा माथा किती मीटरवर थांबला पाहिजे, याचाही दाखला लागतो आणि त्यात एक मीटरही इकडचा तिकडे होत नाही. क्षयरोग विभागाचा माणूस मात्र त्या टेबलावर नसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून किती अंश आकाश दिसेल, हवेचं वय किती होईल, हे आज संगणकावर काही तासांत काढता येतं. आयआयटीतल्या संशोधकांनी ते बांधून झालेल्या इमारतींसाठी काढलं. देवनारच्या इमारती अजून बांधायच्या आहेत. त्यांचे नकाशे मंजूर करताना दोन भिंतींमधलं अंतर आणि खालच्या मजल्यांचा कोन जाहीरपणे लिहून लावावा, झोपडीधारकांच्या पात्र-अपात्र याद्या लावतात तसा. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये मधल्या गल्ल्यांतला कचरा रोज उचलणं, वरून पडणारं पाणी थांबेल असे पाइप बसवणं आणि पॅसेजच्या टोकाची बंद केलेली जाळी उघडणं, एवढं केलं तरी प्लायवूड काढायला बायका तयार आहेत. त्यासाठी नवा एफएसआय लागत नाही. लागतो तो वॉर्डाच्या अर्थसंकल्पातला एक रकाना आणि त्या रकान्याखाली दरवर्षी पडणारा पैसा.